लोकसहभागाच्या आंतरराष्ट्रीय करारांनी प्रादेशिक पर्यावरण कायदा खरंच बदलतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोकांना पर्यावरणाची माहिती, निर्णयात सहभाग आणि दाद मागायची सोय देणाऱ्या ऑर्हुस (युरोप), एस्काझू (लॅटिन अमेरिका) असल्या करारांवर देश सह्या करून मोकळे होतात, त्यानं युरोपसारख्या प्रदेशाच्या पर्यावरण कायद्यात प्रत्यक्ष काही बदलतं, की सगळं शोभेपुरतं?

बदलतं. मात्र करार स्वतःच्या जोरावर फारच थोडं बदलतो. तो प्रादेशिक कायद्याच्या यंत्रणेत शिरला आणि तिथल्या न्यायालयाच्या हाती लागला की त्याला दात येतात. हे दात सदस्य देशांना लवकर लागले आणि युरोपीय संघाच्या स्वतःच्या संस्थांना सगळ्यांत शेवटी. मी हा विषय विद्यार्थ्यांना शिकवते, आणि दर वर्षी त्यांना सगळ्यांत जास्त चीड येते ती याच शेवटच्या गोष्टीची. तिच्याकडे येतेच, पण आधी पाया.

१९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातलं दहावं तत्त्व सांगतं की पर्यावरणाचे प्रश्न संबंधित नागरिकांना सोबत घेऊनच नीट सुटतात. त्यांना माहिती मिळावी, निर्णयात भाग घेता यावा, दाद मागता यावी. छान वाक्य, पण बंधनकारक नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाने त्याचा बंधनकारक करार केला. २५ जून १९९८ रोजी डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरात तो सह्यांसाठी खुला झाला आणि ३० ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला. वाटाघाटींच्या टेबलावर पर्यावरण संस्थाही बसल्या होत्या. मसुद्यावर त्याची छाप दिसते.

करारात कामाची कलमं मोजकीच आहेत. कलम ४ म्हणतं, पर्यावरणाची माहिती मागणाऱ्याला ‘कशाला हवी?’ असं विचारायचं नाही, आणि साधारण महिन्याभरात ती द्यायची. कलम ६ चा चौथा परिच्छेद म्हणतो की लोकांना लवकर बोलवा, सगळे पर्याय खुले असताना बोलवा. कलम ९ म्हणतं की हे डावललं गेलं तर कोर्टात जाता आलं पाहिजे, आणि त्याचा खर्च माणसाला परतवून लावणारा असता कामा नये. लोकांच्या म्हणण्याची ‘योग्य दखल’ घ्यायची, एवढंच कलम ६ सांगतं. म्हणजे हा नकाराधिकार नाही. शंभर हरकती आल्या तरी प्रशासन प्रकल्पाला परवाना देऊ शकतं. त्याला कारणं द्यावी लागतात इतकंच. कराराच्या समर्थकांनी आणि विरोधकांनीही हे अनेकदा फुगवून सांगितलंय.

आता युरोपीय संघात हा करार कसा उतरला ते बघू. संघाने तो २००५ मध्ये अधिकृतपणे स्वीकारला, पण कायदे आधीच बदलायला घेतले होते. २००३ मध्ये दोन निर्देश आले: एक पर्यावरणाच्या माहितीबद्दल, दुसरा लोकसहभागाबद्दल. दुसऱ्याने पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाचा आणि औद्योगिक प्रदूषण परवान्यांचा असे दोन जुने निर्देश दुरुस्त केले. संघाच्या निर्देशात साध्य काय करायचं ते ठरलेलं असतं. त्यासाठी कायदा कसा करायचा ते प्रत्येक देश ठरवतो, आणि मुदतीत केला नाही तर युरोपीय आयोग (संघाची कार्यकारी संस्था) त्याला कोर्टात खेचतो.

खरी ताकद इथे आहे. ऑर्हुस कराराची स्वतःची पालन समिती आहे. तिच्याकडे कुणीही नागरिक तक्रार करू शकतो, हे आंतरराष्ट्रीय कायद्यात दुर्मीळच. पण ती न्यायालय नाही. ती निष्कर्ष काढते, शिफारस करते, दंड करत नाही. करार संघाच्या कायद्याचा भाग झाला की चित्र पालटतं. संघाने केलेले करार संघाच्या संस्थांवर आणि सदस्य देशांवरही बंधनकारक असतात, असं संघाच्या मूळ करारातच लिहिलंय. त्यामुळे एखाद्या छोट्या गावातल्या परवान्याचा वाद चालू असताना तिथलं न्यायालय लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला विचारू शकतं: या कलमाचा अर्थ काय? आणि आलेलं उत्तर पाळावंच लागतं.

एक प्रकरण जरा जवळून बघू, कारण या उत्तरातलं निम्मं सार त्यातच आहे.

स्लोव्हाकियात ब्रातिस्लावाजवळ पेझिनोक नावाचं गाव आहे, द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध. तिथे विटांसाठी माती काढून झालेल्या खाणीच्या खड्ड्यात कचऱ्याचं डेपो करायचं ठरलं. जागा कुठे, हे ठरवणारा निर्णय २००६ मध्ये झाला. २००७ मध्ये कंपनीने प्रदूषण परवान्यासाठी अर्ज केला आणि लोकांकडून हरकती मागवण्यात आल्या. लोकांनी कागद पाहिले तर जागेचा निर्णयच जोडलेला नाही! मागितला तर उत्तर आलं, व्यापारी गुपित आहे. डेपो कुठे आणि कशाच्या आधारावर होणार ते लोकांनी न बघता हरकत घ्यायची, असा तो प्रकार. अपिलात वरच्या प्रशासनाने तो निर्णय उघड केला, पण परवाना कायम ठेवला. प्रकरण स्लोव्हाकियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथून लक्झेंबर्गला.

जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की जागेचा निर्णय हा सहभागासाठी लागणारा महत्त्वाचा कागद आहे आणि व्यापारी गुपिताच्या नावाखाली तो लोकांपासून दडवता येणार नाही. पण त्याच निकालात एक पळवाटही आहे, आणि ती विद्यार्थ्यांना सहसा दिसत नाही. सुरुवातीला दडवलेला कागद अपिलाच्या टप्प्यावर दाखवून चूक दुरुस्त करता येईल, असं न्यायालय म्हणालं. अट एकच, त्या वेळीही सगळे पर्याय खरोखर खुले असले पाहिजेत आणि लोकांच्या म्हणण्याने निकाल बदलू शकला पाहिजे. कलम ६ मधली ती ‘लवकर, पर्याय खुले असताना’ची ओळ इथे परवान्याचं भवितव्य ठरवणारी कसोटी बनली. ती ओळ आधी करारात आली, मग २००३ च्या निर्देशात उतरली, मग स्लोव्हाकियाच्या कायद्यात, आणि शेवटी एका गावाच्या खड्ड्यापर्यंत पोहोचली. त्याच वर्षी स्लोव्हाकियाच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला. लोकांच्या बाजूने लढणाऱ्या वकील झुझाना चापुतोव्हा यांना २०१६ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, आणि २०१९ मध्ये त्या स्लोव्हाकियाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

माहिती आणि सहभाग यांना निर्देश मिळाले. तिसऱ्या भागाचं, न्यायालयात दाद मागण्याचं, काय झालं? आयोगाने २००३ मध्ये त्याच्याही निर्देशाचा मसुदा मांडला होता. सदस्य देशांना तो पचला नाही. आपल्या कोर्टात कुणाला उभं राहू द्यायचं हे ब्रुसेल्सने, म्हणजे संघाने, सांगू नये, असा सूर होता. मसुदा वर्षानुवर्षं पडून राहिला आणि २०१४ मध्ये मागे घेतला गेला. हा इतिहास ठाऊक नसेल तर पुढचे निकाल का आले ते कळत नाही. कायदेमंडळाने सोडलेली पोकळी न्यायालयाने भरली.

सुरुवात झाली तपकिरी अस्वलापासून. पुन्हा स्लोव्हाकियाच. संरक्षित अस्वलांच्या शिकारीला सवलत द्यायची की नाही यावर प्रशासनाची कार्यवाही चालू होती, आणि एका वनसंरक्षण संस्थेला त्यात पक्षकार होऊ दिलं नाही. कलम ९ चा तिसरा परिच्छेद (पर्यावरण कायद्याच्या भंगाविरुद्ध दाद मागण्याचा) थेट लागू होतो का, हा प्रश्न होता. मार्च २०११ मध्ये न्यायालय म्हणालं, थेट लागू होत नाही, कारण तो देशांना अटी घालायला मोकळीक देतो. पण राष्ट्रीय न्यायालयांनी आपले नियम शक्य तितके असे लावावेत की अशा संस्थेला दाद मागता येईल. पुढच्या दाराने नाही म्हटलं आणि मागच्या दाराने आत घेतलं. २०१७ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका प्रकरणात (स्की-उतारावर कृत्रिम बर्फ पाडण्यासाठी लागणाऱ्या पाण्याचा परवाना) न्यायालयाने हाच परिच्छेद संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेशी जोडला आणि आणखी पुढे गेलं: आड येणाऱ्या राष्ट्रीय नियमाचा कराराशी जुळेल असा अर्थ लावताच येत नसेल तर तो बाजूला ठेवा.

स्वीडन आणि जर्मनी यांची नावं पर्यावरणात आदराने घेतली जातात, म्हणून त्यांचीही गंमत सांगते. स्वीडनमध्ये पर्यावरण संस्थेला अपील करायचं तर तिचे किमान २,००० सदस्य हवेत, असा नियम होता. त्यात बसणाऱ्या संस्था देशभरात जेमतेम दोन. स्टॉकहोममधल्या एका विजेच्या केबलच्या बोगद्याच्या वादात २००९ मध्ये हा नियम फेटाळला गेला आणि स्वीडनने मर्यादा १०० वर आणली. जर्मनीत अडचण जास्त खोल होती. तिथली विचारसरणी अशी की कोर्टात जायचं तर तुमचा वैयक्तिक हक्क मोडलेला हवा. नदीतल्या माशांसाठी किंवा संरक्षित अधिवासासाठी केलेला नियम मोडला, तर हक्क कुणाचा मोडला? कुणाचाच नाही, म्हणून दावाही नाही. ल्युनेन इथल्या कोळशाच्या वीजप्रकल्पाच्या प्रकरणात २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की पर्यावरण संस्थांना हा अडसर घालता येणार नाही. जर्मनीने कायदा बदलला, पण हळूहळू आणि हात आखडून, त्यामुळे २०१५ मध्ये तिला पुन्हा एक निकाल ऐकावा लागला. वैयक्तिक हक्काची चौकट हे जर्मन प्रशासकीय कायद्याचं अधिष्ठानच होतं. त्याला धक्का लावणं संसदेला जमलं नव्हतं. चार ओळींच्या आंतरराष्ट्रीय कलमाने ते केलं.

खर्चाचा मुद्दा बहुतेक उत्तरांत एका वाक्यात उरकला जातो, पण सामान्य माणसाला खरा अडथळा तोच आहे. इंग्लंडमध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या वकिलांचाही खर्च भरायचा, असा रिवाज. रग्बी गावातल्या सिमेंट कारखान्याला कापलेले टायर जाळायला मिळालेल्या परवानगीविरुद्धचा दावा हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च अपील न्यायालय) हरला, तेव्हा समोरच्या दोन सरकारी पक्षांनी मिळून सुमारे ८८ हजार पौंडांची बिलं पुढे केली. हे ऐकल्यावर दुसरा कोण कोर्टाची पायरी चढणार? प्रकरण लक्झेंबर्गला गेलं. २०१३ मध्ये उत्तर आलं की दावा करणाऱ्याची ऐपत बघायचीच, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. वस्तुनिष्ठपणेही तो खर्च अवाजवी असता कामा नये. त्याच वर्षापासून इंग्लंड-वेल्समध्ये अशा दाव्यांत हरणाऱ्या व्यक्तीला ५ हजार आणि संस्थेला १० हजार पौंडांची मर्यादा लागू झाली. पुढे त्यात फेरफार झाले, कमाल मर्यादा ठरलेली असण्याची हमी थोडी सैल झाली. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावरही ऑर्हुस करारात आहे, पण आता तिथल्या माणसामागे लक्झेंबर्ग उभं नाही. कराराला दात कुठून येतात असं मी वर म्हटलं, त्याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

आता त्या चीड आणणाऱ्या गोष्टीकडे. सदस्य देशांना ‘दारं उघडा’ म्हणून सांगणारं हेच न्यायालय युरोपीय आयोग किंवा परिषदेच्या निर्णयांविरुद्ध कुणी आलं की वेगळंच बोलायचं. १९६३ चा एक जुना निकाल आहे, क्लेमेंटाइन संत्र्यांच्या आयातदाराचा. त्यात ठरलं की संघाच्या निर्णयाविरुद्ध थेट न्यायालयात यायचं तर तो निर्णय तुम्हाला इतर सगळ्यांपासून वेगळं पाडून, जणू तुमच्यासाठीच घेतल्यासारखा लागू झाला पाहिजे. संत्र्यांच्या व्यापाऱ्यालाही हे जमलं नाही. हवेच्या किंवा पाण्याच्या प्रश्नात तर हजारो जणांवर सारखाच परिणाम होतो, मग वेगळं कोण पडणार? जितके जास्त लोक बाधित, तितकं दार जास्त बंद!

२००६ मध्ये संघाने आपल्या संस्थांसाठी ऑर्हुस नियमन केलं. पण त्यात फेरविचार मागायची सोय पात्र पर्यावरण संस्थांनाच होती, आणि तीही अतिशय अरुंद प्रकारच्या निर्णयांपुरती. २००८ मध्ये एका संस्थेने पालन समितीकडे तक्रार केली. समितीने २०११ मध्ये निष्कर्षाचा पहिला भाग दिला आणि २०१७ मध्ये दुसरा. संघ कलम ९ पाळत नाही, असं तिने स्पष्ट म्हटलं. मधल्या काळात, २०१५ मध्ये, युरोपीय न्यायालयाने तर नियमनाची वैधता तपासण्यासाठी कलम ९ च्या तिसऱ्या परिच्छेदाचा आधारच घेता येणार नाही, असं सांगून टाकलं होतं.

सप्टेंबर २०१७ मध्ये मॉन्टेनेग्रोतल्या बुद्वा इथे करारातल्या पक्षांची, म्हणजे त्यात सामील देश आणि संघ यांची, बैठक झाली. त्याआधी समितीचे पालनभंगाचे निष्कर्ष बैठकीत मान्य करण्याची रीत होती. युरोपीय संघाने मागितलं की आपल्याबद्दलच्या निष्कर्षांना ‘मान्यता’ देऊ नका, त्यांची नुसती ‘नोंद’ घ्या. इतर देशांना हे रुचलं नाही. एकमत होईना, म्हणून विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. जगाला लोकसहभाग शिकवणाऱ्याने स्वतःवर पाळी आल्यावर हे करावं, यावर मी वेगळी टिप्पणी करत नाही.

पण दबाव वाया गेला नाही. पुढची बैठक ऑक्टोबर २०२१ मध्ये जिनिव्हात होती, आणि तिच्या तोंडावर, त्याच महिन्यात, संघाने नियमन दुरुस्त केलं. पर्यावरण कायद्याचा भंग करणाऱ्या व्यापक स्वरूपाच्या निर्णयांवरही आता फेरविचार मागता येतो. २०२३ पासून काही अटींवर सामान्य लोकांनाही ती संधी आहे. एक वाट म्हणजे किमान पाच देशांतले ४,००० लोक, प्रत्येक देशातले किमान २५० गोळा करायचे. एवढी माणसं जमवून शिवाय वकीलही लागतोच, त्यामुळे ही वाट किती वापरली जाईल याबद्दल मी साशंक आहे. तक्रारीपासून दुरुस्तीपर्यंत सुमारे १३ वर्षं गेली, तरी समितीसारख्या दंतहीन यंत्रणेने संघासारख्या बलाढ्य पक्षाला कायदा बदलायला लावला, हेही तितकंच खरं.

संघाच्या बाहेरही या कराराची सावली पडते. तुर्कस्तानने त्यावर सहीसुद्धा केलेली नव्हती. तरी बर्गामाजवळच्या सोन्याच्या खाणीत सायनाइड वापरण्याच्या वादात स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २००४ मध्ये ऑर्हुसचा दाखला दिला. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने स्वित्झर्लंडमधल्या ज्येष्ठ महिलांच्या हवामान संघटनेला दावा करू दिला, तेव्हाही संस्थांना दाद मागू द्यायची हे ठरवताना ऑर्हुस करार जमेस धरला होता.

लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठीचा एस्काझू करार ४ मार्च २०१८ रोजी कोस्टा रिकातल्या एस्काझू इथे झाला, २२ एप्रिल २०२१ रोजी लागू झाला. सांगाडा ऑर्हुससारखाच आहे, पण त्याचं कलम ९ नवं आहे: पर्यावरणासाठी झगडणाऱ्यांना सुरक्षित वातावरण देणं, त्यांच्यावरचे हल्ले आणि धमक्या रोखणं व तपासणं ही देशांची जबाबदारी. त्या भागात कार्यकर्त्यांचे खून पडतात, म्हणून ते कलम आलं. ऑर्हुसमध्ये याबद्दल एक छोटा परिच्छेद होता. २०२२ मध्ये त्यासाठी वेगळा विशेष प्रतिनिधी निवडला गेला. एस्काझूची उणीव म्हणजे त्याच्यामागे लक्झेंबर्गसारखं, राष्ट्रीय न्यायाधीश ज्याला रोज विचारू शकतील असं न्यायालय नाही. आंतरअमेरिकी मानवी हक्क न्यायालय आहे, पण तिथे पोहोचेपर्यंत वर्षं जातात. शिवाय करार लागू झाला तेव्हा यजमान कोस्टा रिकानेच त्याला मंजुरी दिलेली नव्हती.

आणि जिथे देशच जुमानत नाही, तिथे करार हात टेकतो. बेलारूसमध्ये अणुप्रकल्पाविरुद्ध बोलणाऱ्यांवर कारवाई झाली, समितीने पालनभंगाचा ठपका ठेवला. २०२१ मध्ये तिथली एक जुनी पर्यावरण संस्थाच सरकारने बंद पाडली. पक्षांच्या बैठकीने बेलारूसचे करारातले विशेष अधिकार स्थगित केले, तर बेलारूस २०२२ मध्ये करारातूनच बाहेर पडला.

पुढे वाचायचं असेल तर कराराची प्रस्तावना सोडा, कलम २, ६ आणि ९ वाचा. ‘जनता’ आणि ‘संबंधित जनता’ यांत कलम २ कसा फरक करतं ते नीट बघा. बहुतेक खटले त्यावरच अडतात. निकालांत पेझिनोकपासून सुरुवात करा आणि अस्वलाचा दुसरा घ्या. जर्मन प्रशासकीय कायद्यात गती नसेल तर ल्युनेनचं प्रकरण शेवटी ठेवा, नाहीतर सुरुवातीलाच पुस्तक मिटाल.